जवारी आणि सावारी

जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सु मी चुकीच्या टोकाकडून ऐकायला घेतले. पहिल्याच बैठकीत ‘नोव्हेंबर स्टेप्स’ लावलं. बिवा हे जपानी तंतुवाद्य, शाकुहाची ही बांबूची बासरी आणि समोर अख्खा पाश्चात्त्य वाद्यवृंद. मी समेची वाट बघत राहिलो. ती काही आली नाही, आणि दहाव्या मिनिटाला बंद केलं.

नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी १९५७ चं ‘रेक्विएम फॉर स्ट्रिंग्ज’ घ्यावं. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कींनी जपानभेटीत ऐकून वाखाणलं, ते हेच. मग पियानोवरचं छोटंसं ‘रेन ट्री स्केच’. मग कुरोसावांचा ‘रान’ हा चित्रपट बघा. गडावरच्या लढाईत तलवारी, घोडे, किंकाळ्या सगळं गप्प होतं आणि फक्त ताकेमित्सुंचं संगीत उरतं.

त्यांचं आयुष्यही वाचा, विशेषतः संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही म्हणून खचलेल्यांनी. १९३० चा जन्म, चौदाव्या वर्षी युद्धकामावर भरती, नंतर जवळजवळ सगळं शिक्षण स्वतःचं स्वतः. पियानो नव्हता, तर कागदावर पट्ट्या काढून त्यावर बोटं चालवायचे. पुढे संगीतकार मायुझुमींनी ओळखदेख नसताना त्यांच्याकडे पियानो पाठवला. हे वाचून मी खूप वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पारंपरिक जपानी संगीत त्यांना बरीच वर्षं नकोसं होतं, कारण त्यातून युद्धाचे दिवस आठवत. बुनराकू या बाहुलीनाट्यातल्या शामिसेन या तंतुवाद्यामुळे ते त्याकडे परतले. आणि इथेच मला वाट सापडली. बिवाची तार लाकडाला हलकेच घासून झणझणते, त्याला म्हणतात सावारी. म्हणजे स्पर्श. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जी जवारी शोधतो, तिची ही सख्खी बहीण! त्यांना स्वरापेक्षा त्या झणझणाटातलं जग मोलाचं वाटे. एका नादात सगळं असेल, तर पुढच्या नादाची घाई कशाला? दोन नादांमधल्या भरलेल्या शांततेला जपानीत ‘मा’ म्हणतात.

आठ महिन्यांनी ‘नोव्हेंबर स्टेप्स’ पुन्हा लावलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या सव्वाशेव्या वर्षासाठी लिहिलेली ही रचना वाद्यवृंद-संचालक ओझावांनी सादर केली होती; बिवावर त्सुरुता, शाकुहाचीवर योकोयामा. दोन्ही वाद्यं वाद्यवृंदात मिसळत नाहीत, आणि मिसळावीत अशी ताकेमित्सुंची इच्छाही नव्हती. बिवाचा एक आघात झाला आणि मी तो विरेपर्यंत ऐकला. त्या संध्याकाळी रियाजाला तंबोरा घेतला, पंचमाची तार छेडली, आणि ती पूर्ण विझेपर्यंत जोडाच्या तारेला हात लावला नाही.