कोकणात रिअर-व्हील-ड्राइव्ह कूपे घ्यावी का?

रिअर-व्हील-ड्राइव्ह कूपे म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, दोन दारांची बुटकी गाडी. टोयोटा जीटी८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या अशाच, परदेशात मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातल्या गाड्या. आपल्याकडे त्या अधिकृतपणे विकल्याच गेल्या नाहीत. मागवलीच, तर शुल्क आणि कर धरून किंमत सहज दुप्पट होते. तरी कुठे जुनी हाती लागलीच, तर इंजिन ऐकण्याआधी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घ्यायला लावा.

रत्नागिरी-मालवण पट्ट्यातली खारी हवा पत्रा आतून खाते. सबफ्रेम (इंजिन आणि चाकांचे भाग धरणारा खालचा सांगाडा), ब्रेकच्या नळ्या आणि जॅक लावायच्या जागा टॉर्चने बघा. तिथे नवीन काळा रंग मारलेला दिसला की गंज लपवल्याचा संशय घ्या. झाकण्याचं कव्हर ओल धरून ठेवतं, म्हणून पडवी असेल तरच विचार करा.

जमिनीपासून उंची जेमतेम १३० मिमी. घरापर्यंतची जांभ्याची पाखाडी किंवा कच्चा चढ आधी टेपने मोजा. विक्रेत्याला गाडी तिथेच आणायला सांगितलं तर उत्तमच. वाळूत मात्र चुकूनही नेऊ नका.

चाचणी आंबा घाटात घ्या, तीही पावसात. ओल्या वळणावर गॅस जास्त दिला की मागची बाजू सुटते. जीटी८६ ला तर कंपनीने मुद्दाम अरुंद, कमी पकडीचे टायर दिले होते. मजा त्यातच आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करून नव्हे. मागची सीट नावापुरती; गणपतीला घरचे सगळे नेण्यासाठी दुसरी गाडी दारात असेल, तरच व्यवहार करा.