कमी उंचीच्या स्वाराची टूरिंग सायकल: घेण्याआधी बघायचं ते

आधी पायाचं माप. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्या आकड्याला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडल ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. 70 सेंमीला जवळपास 62. फ्रेमवरच्या ‘स्मॉल’च्या स्टिकरवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा स्मॉल वेगळा. आडवी दांडी दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर वर दोन-तीन सेंमी जागा उरते का, हे सगळेच बघतात.

चवडा मात्र कुणी बघत नाही. पेडल सरळ पुढे आलं की बुटाचं टोक आणि पुढचं चाक यांच्यात किती अंतर राहतं, ते बघायचंय. 26 इंची चाक दोन इंची टायरसकट सुमारे 33 सेंमी त्रिज्येचं, त्याहून मोठं 700सी चाक 40 मिमी टायरसकट 35 सेंमी. मोठ्या फ्रेममध्ये हे दोन सेंमी खपून जातात, लहान फ्रेममध्ये ते चवड्याच्या जागेतून जातात. सायकल कुणाला तरी धरायला सांगा, सीटवर बसा, उजवं पेडल पुढे आणा, हँडल डावीकडे वळवा. मग उलट बाजूने. प्रवासात घालणार तेच बूट घालून, आणि मडगार्ड लावून! दुकानातल्या सायकलला बहुतेकदा मडगार्ड नसतो. तो लागला की आणखी सेंमीभर जागा जाते आणि आधी न लागणारा बूट अडकायला लागतो. वेगात हँडल फारसं वळत नाही, त्यामुळे छोट्या फेरीत काही कळत नाही. कळतं ते सामान लादून चढावर रखडताना किंवा अरुंद रस्त्यावर सायकल उलट दिशेला वळवताना, म्हणजे तोल आधीच नाजूक असताना.

बूट लागत असेल तर 26 इंची चाकाची सायकल बघा. नाहीतर क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, आखूड करा: 170 ऐवजी 160 मिमीचा लावला की सरळ सेंमीभर सुटतं आणि गुडघाही कमी दुमडतो. सीट तेवढीच वर घ्यायला विसरू नका. आखूड क्रँकला चढावर जोर कमी मिळतो, म्हणून पुढे 26 आणि मागे 34 दातांच्या चक्रीसारखा हलका गिअर हवाच.

जिऑमेट्रीच्या, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या, तक्त्यात नुसता रीचचा (बॉटम ब्रॅकेटपासून हँडलखालच्या नळीपर्यंतच्या आडव्या अंतराचा) आकडा बघून फसू नका. लहान फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, बऱ्याचदा जास्त उभी केलेली असते. 62 सेंमी उंचीवर ती एका अंशाने जास्त उभी असली की सीट सुमारे एक सेंमी पुढे येते. ती जागेवर आणायला मागे सरकवली की हँडल तेवढंच लांब जातं, आणि तक्त्यात आखूड दिसणारी सायकल मान-खांदे दुखवते. स्टेम (हँडल धरणारा पुढे आलेला तुकडा) अगदी आखूड करून हे झाकू नका, हँडल चंचल होतं.

फ्रेम स्टीलची, मागच्या चाकाला 36 स्पोक. स्वार हलका असला तरी तंबू हलका होत नाही. पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, कॅरिअरची भोकं आहेत ना? मागची बॅग लावून टाच घासते का, तेही बघा. चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आखूड असेल तर बॅग मागे सरकवावी लागते.

ब्रेकचे लिव्हर बोटांच्या पहिल्या पेरात यायला हवेत, बहुतेक लिव्हरना जवळ आणायचा स्क्रू असतो. ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल असेल तर खांद्यांच्या रुंदीएवढं, त्याहून रुंद नको. लहान फ्रेममध्ये बाटली वर ओढून निघत नाही, बाजूने काढायचा पिंजरा घ्या. घंटा, दिवे, पंप वगैरे तुमचं तुम्ही बघालच.

आणि चवडा. मडगार्ड नंतर बसवणार असाल तर बसवल्यावर परत एकदा, दोन्ही पायांनी.

हँडलपर्यंत वर येणारी फोर्कची नळी लगेच कापू देऊ नका. तिच्यावरचे स्पेसर, म्हणजे हँडल उंच ठेवणाऱ्या कड्या, तसेच ठेवा, भरलेल्या बॅगा लावून थोडे दिवस चालवा, हँडलची उंची ठरली की मगच कापा. कापलेली नळी वाढत नाही.