मरळीसाठी स्वस्तातलं रबरी गांडूळ कसं निवडावं

कोल्हापुरात गळ टाकणाऱ्याला कणकेची गोळी आणि मातीतलं गांडूळ काही नवीन नाही. रबरी गांडूळ मात्र बहुतेकांनी आधी मोबाइलवरच पाहिलेलं असतं, आणि त्या व्हिडिओत ते बास नावाच्या अमेरिकी माशासाठी वापरलेलं असतं. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून ही गांडुळं बनवली, आणि तिथल्या बासच्या मासेमारीची रीतच बदलली. बास आपल्या नदीत नाही. पण गवताच्या आडोशाला दबा धरून झडप घालायची त्याची सवय आपल्या मरळीतही आहे. म्हणून ही गांडुळं इथंही चालतात, फक्त निवडताना मरळीचे दात लक्षात ठेवावे लागतात.

आधी पैशाचा हिशोब. पाकिटावरची किंमत बघू नका, एक गांडूळ किती वेळ टिकतं ते बघा. समजा, 200 रुपयांच्या पाकिटात 20 नग आले, म्हणजे नग 10 रुपयांना पडला. पण चार-पाच फेकींतच त्याचं नाक, म्हणजे गळ अडकवायचं पुढचं टोक, फाटत असेल, तर सकाळभरात अर्धं पाकीट संपतं. 300 रुपयांत 10 नग देणारं पाकीट महाग वाटतं, पण त्यातला एकच नग सकाळभर पुरला तर स्वस्त तेच. म्हणून पहिल्यांदा सगळ्यात लहान पाकीट घ्या. सवलत दिसली म्हणून एकदम पाच पाकिटं उचलू नका.

पाकीट हातात आलं की एक गांडूळ बाहेर काढा. दोन्ही टोकं धरून दीडपट लांब होईल इतकं हळूच ताणा आणि सोडा. चांगला माल लगेच मूळ लांबीवर येतो. वेडावाकडा राहिला किंवा मधेच पांढुरक्या रेषा पडल्या, तर तो तुटणार. मग शेपटी चिमटीत धरून डोकं खाली सोडा. ते सैल लोंबकळलं पाहिजे, काडीसारखं ताठ राहता कामा नये. घरी आल्यावर बादलीत पाणी भरा, गळ अडकवलेलं गांडूळ दोऱ्याने हळू ओढून बघा. एवढ्या हळू ओढीलाही शेपटी हलत असेल, तरच नदीवर न्या. माझ्या मते खरी पारख ही बादलीतलीच, कारण पाकिटात सगळीच गांडुळं देखणी दिसतात.

मिठाचंही समजून घ्या. बऱ्याच गांडुळांच्या प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेलं असतं. त्यानं वजन वाढतं, गांडूळ शिशाशिवायही बुडतं आणि माशाला चवही लागते. पण मीठ जितकं जास्त, तितकं ते लवकर फाटतं. बासला हे परवडतं, त्याचे दात बारीक, खरखरीत असतात. मरळीचे दात टोकदार. तिच्यासाठी कमी मिठाचं, थोडं चिवट, पाच-सहा इंचांचं आणि बोटाएवढं जाड गांडूळ बरं.

रंगांवर पैसे घालवू नका, दोन पुरे. पंचगंगेचं पाणी गढूळ असताना काळं किंवा गडद जांभळं, कारण अशा पाण्यात गडद आकारच उठून दिसतो. पाणी निवळलं की कलिंगडाच्या सालीसारखं हिरवं किंवा तपकिरी.

आता गळाला लावणं. मान मुडपलेला ऑफसेट गळ घ्या, 3/0 नंबरचा. आधी तंगुसात, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्यात, गोळीच्या आकाराचं छोटं शिसं ओवा, मग गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या नाकात अर्धा सेंटीमीटर सरळ घाला आणि बाजूनं बाहेर काढा. गळ ओढत मानेपर्यंत आणा आणि अर्धा वळवा. आता गळ अंगाशेजारी लोंबू द्या. त्याचा वाकडा भाग जिथं टेकतो, तिथंच टोक आरपार घाला आणि वरच्या कातडीत किंचित लपवा. गांडूळ आता सुतासारखं सरळ दिसलं पाहिजे. ते कमानीसारखं वाकलं तर ओढताना गरगर फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो. असा टोक लपलेला गळ जलपर्णीत सहसा अडकत नाही. या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात, आणि गळ कमी तुटतात म्हणून मला सगळ्यात स्वस्त हीच वाटते.

जागा निवडायची तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले की मागचं पाणी संथ होतं, तिथल्या कडेचं गवत बघा. मरळ हवा घ्यायला वर येते, तो बुडबुडा दिसला की त्याच्या थोडं पुढं फेका. पावसाळ्यात पिल्लांच्या थव्याखाली राखण करणारी जोडी दिसली तर मात्र गळ टाकू नका. एक मरळ धरली तरी सगळी पिल्लं उघडी पडतात. पुराच्या पाण्यावर तर जाऊच नका. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आहे, पण पाणी चढायला लागलं की तेव्हाच काठ सोडा. बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ नकोच.

साठवण्यात मी स्वतः पैसे घालवले आहेत. सगळे रंग एकत्र करून एका कडक, पारदर्शक डबीत भरले आणि डबी उन्हात राहिली. दोन दिवसांनी बघतो तर काळा रंग हिरव्यात उतरलेला आणि डबीचा तळ चिकट होऊन गांडुळांना धरून बसलेला. गांडूळ मऊ ठेवणारं तेल काही प्लास्टिक विरघळवतं. म्हणून ती मूळ पाकिटातच, रंगवार, सावलीत ठेवा. रबरासारखी खूप ताणली जाणारी वेगळ्या जातीची गांडुळं यांच्यात मिसळू नका, दोन्ही वितळून गोळा होतात.

फाटलेलं नाक फेकून देऊ नका. तेवढा तुकडा कापा आणि उरलेलं आखूड गांडूळ पुन्हा लावा. मधून तुटलं असेल तर चाकूचं पातं तापवून दोन्ही कडांना क्षणभर टेकवा आणि लगेच एकमेकांना दाबून धरा. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. अगदीच निकामी झालेले तुकडे खिशात घालून घरी आणा. पाण्यात पडलेलं प्लास्टिक कुजत नाही, आणि माशानं गिळलं तर ते त्याच्या पोटात अडकून बसतं.