डेकोरेटर मला हळदीच्या पट्टीने शिकवला

डेकोरेटर म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, एखाद्या फंक्शनला आतून हात न लावता त्याच्याभोवती जादा काम गुंडाळायची सोय. व्हिडिओ बघून मी तो दोनदा शिकलो आणि दोनदा विसरलो. तो डोक्यात बसला सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडत दुकानासाठी पायथनमध्ये हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिताना.

शेतकऱ्याची पट्टी म्हणजे वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा. प्रत्येक हिशेबाला मी वेगळं फंक्शन केलं होतं. कुठला हिशेब किती वाजता झाला याची नोंद मालकांना हवी होती, म्हणून त्याच दोन ओळी मी प्रत्येक फंक्शनमध्ये चिकटवत गेलो. मग ते म्हणाले, वेळेबरोबर तारीखही येऊ दे. आता सगळी फंक्शनं पुन्हा उघडायची? तेव्हा डेकोरेटरकडे वळलो.

नवीन असाल तर @ या चिन्हापासून सुरुवात करू नका. पायथनमध्ये फंक्शनही आकड्यासारखंच दुसऱ्या फंक्शनला देता येतं आणि त्याच्याकडून परत घेता येतं, एवढं आधी पक्कं करा. माझं 'नोंद' हे फंक्शन 'पट्टी' हातात घेतं, आत रॅपर नावाचं नवं फंक्शन बनवतं आणि तो रॅपर परत देतं. रॅपरचं काम: वेळ लिही, मग मूळ पट्टी चालव. शेवटी एक ओळ:

पट्टी = नोंद(पट्टी)

(पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे ही ओळ आहे तशी वापरता येते.) फंक्शनच्या डोक्यावर @नोंद लिहिलं की हेच घडतं. हे चिन्ह 2004 साली पायथन 2.4 मध्ये आलं, त्याआधी लोक अशीच ओळ फंक्शनखाली लिहायचे. तुम्हीही आठवडाभर हातानेच लिहा.

माझी पहिली चूक महागात पडली. रॅपरमध्ये मूळ फंक्शन चालवलं, पण त्याचं उत्तर रिटर्न करायचं राहिलं. नोंदी चोख होत होत्या आणि पट्टीवर रकमेच्या जागी 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') छापून येत होतं. शेतकरी काउंटरवर उभे, त्या दिवशी पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. मी मात्र गुणाकार तपासत बसलो होतो.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. सगळ्या नोंदींवर एकच वेळ दिसायची, सकाळी प्रोग्रॅम सुरू केल्याची. वेळ मी 'नोंद'मध्ये घेतली होती, पण रॅपरच्या बाहेर. बाहेरचा भाग फंक्शन तयार होताना एकदाच चालतो, रॅपर प्रत्येक हाकेला चालतो. हा फरक कळला की अर्धा डेकोरेटर कळला असं माझं मत आहे.

नावाचंही बघा. माल दुसऱ्या पोत्यात भरला आणि शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी जुन्याच पोत्यावर राहिली, तसं होतं: फंक्शनचं नाव विचारलं तर 'रॅपर' असं उत्तर येतं. पायथनसोबतच येणाऱ्या फंकटूल्स (functools) या मॉड्यूलमधला रॅप्स (wraps) हा डेकोरेटर रॅपरवर लावा, मूळ नाव टिकतं.

फंकटूल्समध्येच एलआरयू-कॅश (lru_cache) नावाचा तयार डेकोरेटर आहे. एकदा काढलेलं उत्तर तो जपून ठेवतो आणि तीच माहिती पुन्हा दिली की तेच परत देतो. पोत्यांच्या संख्येवरून हमाली काढणाऱ्या फंक्शनला मी तो लावला. दर आणणाऱ्या फंक्शनला लावला नाही, कारण पुढच्या सौद्यात दर बदलला तरी कॅश जुनाच दर देत राहील.