कॅल्क्युलेटरवरच्या चित्र-संपादकात कर्सर चित्र खराब करतोय?

टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या कृष्णधवल मॉडेलवर छोटा चित्र-संपादक लिहिताना खरी डोकेदुखी कर्सरची असते. तो लुकलुकवायला पीएक्सएल-चेंज (Pxl-Change) ही आज्ञा सोपी, पण ती पिक्सेल उलटा करते, म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. लूप नेमका विषम फेरीवर थांबला, की कर्सर पुढे सरकतो आणि मागे नको असलेला ठिपका उरतो. म्हणून कर्सर नव्या जागी आला, की लुकलुकण्याआधीच पीएक्सएल-टेस्ट (pxl-Test) या आज्ञेने तिथली स्थिती (० किंवा १) एका चलात ठेवा. एंटर दाबल्यावर पडद्यावरचा पिक्सेल नव्हे, हे चल उलटवा. आणि जागा सोडताना किंवा चित्र साठवताना त्यानुसार पिक्सेल पुन्हा लावा.

हलवण्यासाठी चार वेगळे इफ नकोत. गेटकी (getKey) ही आज्ञा दाबलेल्या कळीचा आकडा देते; तो के मध्ये असेल, तर स्तंभात (के=२६), म्हणजे उजवा बाण, मिळवा आणि (के=२४), म्हणजे डावा बाण, वजा करा; खरी अट १ देते, खोटी ०. ओळीसाठी तसेच ३४ (खालचा बाण) आणि २५ (वरचा बाण). ओळ ० ते ६२, स्तंभ ० ते ९४ यांतच ठेवा, नाहीतर डोमेन एरर ठरलेली. पीएक्सएलच्या आज्ञांत ओळ आधी लिहायची, स्तंभ नंतर.

आणि हो, सुरुवातीलाच अक्ष लपवणारी अ‍ॅक्सीजऑफ (AxesOff) आणि फलनांचे आलेख बंद करणारी एफएनऑफ (FnOff) या आज्ञा द्या. चित्र साठवणारी स्टोअरपिक (StorePic) ही आज्ञा पडद्यावरचे अक्षही चित्रासोबत साठवते.