बुरशीचं औषध: उपाशीपोटी की जेवणानंतर?

केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला बुरशीविरोधी औषध लिहून दिलं, की आधी हे विचारून घ्या. सगळ्यांचा नियम एक नाही. व्होरिकोनॅझोल जेवणाच्या निदान 1 तास आधी किंवा नंतर द्यायचं. पोसाकोनॅझोलचं पातळ औषध मात्र भरल्या पोटीच नीट लागू पडतं. इट्राकोनॅझोलची तर तऱ्हाच वेगळी: कॅप्सूल जेवणानंतर, पातळ औषध उपाशीपोटी! त्यामुळे दुकानदाराने एकाऐवजी दुसरा प्रकार पुढे केला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

बाटली दर वेळी हलवा. औषध सिरिंजने मोजा, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नको. डोस दिल्यावर मुलाला उलटी झाली, तर मनानेच पुन्हा देऊ नका, वॉर्डात फोन करा. व्होरिकोनॅझोल चालू असताना उन्हाला जपा. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते व्हिन्क्रिस्टिनला. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उपचारात हे इंजेक्शन बहुतेक असतंच. वरची तिन्ही औषधं व्हिन्क्रिस्टिनला शरीराबाहेर लवकर पडू देत नाहीत आणि त्यामुळे मज्जातंतूंना इजा होऊ शकते. शौचाला अजिबात न होणं, पोट फुगणं, जबडा दुखणं, चालताना पाय लटपटणं, झटके येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. त्वचेच्या किंवा दातांच्या डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं असेल, तर पहिला डोस देण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याचं नाव कळवा. आधीपासून चालू असलेलं औषध मात्र परस्पर बंद करू नका.