जुनी वाइड लेन्स घेताय? काच नंतर, आधी पाती बघा

रोलचा कॅमेरा घेऊन येणारी पोरं हल्ली माझ्याकडे बरीच वाढली आहेत. कुणाला आजोबांच्या कपाटात सापडलेला असतो, कुणी ऑनलाइन घेतलेला. जळगावात माझा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालतो, त्यामुळे ही पोरं आली की पंधरा मिनिटं बरं वाटतं. मग पिशवीतून एक वाइड लेन्स निघते, म्हणजे एका फोटोत रुंद दृश्य मावणारी. "भाऊ, स्वस्तात मिळाली. काच एकदम क्लीन आहे." इथे माझं डोकं फिरतं.

काच क्लीन आहे हे कसं ठरवलं? ट्यूबलाइटकडे धरून एकदा आरपार बघितलं. अपर्चरची रिंग फिरवून पाहिली का? नाही. पाती बंद होताना पाहिली का? "म्हणजे काय भाऊ?"

तर आधी पात्यांचंच सांगतो, म्हणजे लेन्सच्या आत उजेडाचं भोक (अपर्चर) लहान-मोठं करणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, कारण या चुकीचे पैसे मी स्वतः भरले आहेत.

२००३ सालची गोष्ट. हिवाळ्यात मी एक जुनी २८ एमएम एफ २.८ लेन्स घेतली. (एमएम जेवढे कमी तेवढी लेन्स वाइड, आणि एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं अपर्चरचं भोक लहान.) काच आरशासारखी, फोकसची रिंग मऊ फिरणारी, नव्या नवरीसारखी फडक्यात गुंडाळून ठेवायचो. पण ठेवायचो कुठे, तर मोटरसायकलच्या डिकीत. चैत्र सगळा तिथेच गेला. चैत्रातलं जळगावचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. दुपारी डिकीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो, मग आतल्या लेन्सचं काय होत असेल?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरजवळच्या एका गावात गेलो. लिंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या लेकीबाळी, गाणी, दुपारी मांडे आणि आमरस. २०० आयएसओचा रोल, शटर २५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग), अपर्चर ११, भर उन्हातलं नेहमीचं गणित. दोन रोल उडवले. झोका वर गेला की खालून, वाइडने, आभाळासकट. मनात म्हटलं, आयुष्यातलं चांगलं काम झालं.

रोल धुऊन आले तर निगेटिव्ह कोळसा, म्हणजे उजेड भलताच जास्त पडलेला. सगळ्या फ्रेम नाहीत, हे आणखी वाईट. एक बरी, पुढच्या तीन काळ्याकुट्ट, मग एक अर्धवट. लॅबवाला म्हणाला, कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर गेलं. मी मीटरचं काम करून घेतलं. पुढचा रोल तसाच. मग वाटलं शटर अडकतंय, त्याचेही पैसे घातले. शेवटी भुसावळला घरीच कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे आबा होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, शटर एक सेकंदावर लावलं, अपर्चर १६ वर नेलं आणि मला म्हणाले, मागून बघ. बटण दाबलं. भोक लहान व्हायला पाहिजे होतं. ते मोठंच राहिलं आणि शटर मिटता मिटता पाती आळस देत जरा हलली.

"कॅमेरा नीट शे," आबा अहिराणीत म्हणाले. "तुमनी लेन्सले घाम फुटेल शे."

फोकसच्या चक्रीतलं ग्रीस उन्हाने पातळ होतं, त्यातलं तेल सुटून हळूहळू पात्यांवर येतं आणि पाती एकमेकींना चिकटतात. एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात आपण व्ह्यूफाइंडरमधून बघतो तेव्हा लेन्स पूर्ण उघडीच असते. बटण दाबल्यावर क्षणभरासाठीच ती लावलेल्या अपर्चरला मिटते. त्यामुळे डोळ्याला काहीच कळत नाही. मी ११ लावलं होतं आणि फिल्मवर २.८ पडत होतं. दर स्टॉपला उजेड दुप्पट, चार स्टॉप म्हणजे सोळापट उजेड. कलर निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्तीचा उजेड पोटात घालते, पण त्यालाही हद्द आहे.

तेव्हापासून माझी सवय अशी: रिकाम्या कॅमेऱ्यावर लेन्स चढवायची, झाकण उघडं, एक सेकंद, एफ १६, आणि वीस वेळा बटण दाबून मागून बघायचं. एकदा नाही, वीस वेळा. तेलकट लेन्स कधीकधी पहिल्या दोन-तीन वेळा नीट चालते आणि मग दमते. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. पात्यांवर रंगीत चमक दिसली, पाण्यावर रॉकेल पडल्यासारखी, तर लेन्स खाली ठेवायची. ऑनलाइन घेत असाल तर पाती मिटतानाचा व्हिडिओ मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि घरी शहाणपणा नको. एका पोराने मोबाइलवर बघून लायटरचं पेट्रोल समोरूनच पात्यांवर सोडलं. तेल विरघळलं खरं, पण वाहत जाऊन आतल्या काचेवर बसलं. दुसऱ्याने घट्ट झालेल्या फोकस रिंगमध्ये शिवणयंत्राचं तेल घातलं. त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. लेन्स पूर्ण खोलून पाती धुवावी लागतात, ते काम येणाऱ्याकडेच द्या. दहा मिनिटांत होणारं काम असतं तर आबांनी ते पस्तीस वर्षं केलं नसतं.

बुरशीचं वेगळं सांगतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे खानदेशात फंगस होत नाही असं लोक छातीठोक सांगतात. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती येते हे खरं. पण इथली बुरशी मी जास्त पाहिली ती कूलरमुळे. उन्हाळाभर खोलीत पाण्याचा कूलर घरघरतो, समोरच्या कपाटात कॅमेरा, आणि खस ओली झाली की त्या खोलीची हवा कोकणाइतकीच दमट. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरा, अपर्चर पूर्ण उघडा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर बुरशी. सगळीकडे दुधासारखा पडदा दिसला तर धुकं बसलंय, उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका येणार. चार धुळीचे कण दिसले तर काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघही चालते, मागच्या काचेवरची नको.

ठेवायची ती आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून घ्या, पण पोळ्यांच्या तव्यावर नको.

आता माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो जोड. धुळ्याचा एक मुलगा निकॉनची बॉडी आणि एम ४२ आट्यांची २८ एमएम घेऊन आला, मध्ये एक बारीक ॲडॉप्टर. "बसतेय भाऊ, पण लळिंगचा किल्ला स्पष्ट दिसत नाही." दिसणार नाहीच. एम ४२ ची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला बनवलेली असते, निकॉनचं अंतर ४६.५. एक मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटतं ना? २८ एमएमवर त्या एका मिलिमीटरने दूरचा फोकस जेमतेम पाऊण मीटरवर येऊन थांबतो. किल्ला सोडा, समोरच्या टपरीवरचा चहावालाही धूसर. आत काच असलेले ॲडॉप्टर मिळतात, त्याने दूरचं दिसतं, पण चांगल्या लेन्सच्या मागे स्वस्त काच लावायची तर चांगली लेन्स घेतलीच कशाला? हीच एम ४२ पेंटॅक्सच्या के माउंटवर योग्य ॲडॉप्टरने व्यवस्थित चालते, कारण दोन्हींचं अंतर एकच. फक्त अपर्चर हाताने मिटवावं लागतं.

निकॉनवाल्यांनी आणखी एक बघायचं. १९७७ च्या आधीच्या, एआय (कॅमेऱ्याला अपर्चर कळवणारी नवी रिंग) न केलेल्या लेन्स एफएम २ बॉडीवर दाबून बसवू नका, बॉडीची कड मोडते. एफएम आणि एफई वर ती कड दुमडता येते, तिथे चालतात.

डिजिटल कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स रोलच्या कॅमेऱ्याला लावून "१८ म्हणजे केवढी वाइड!" म्हणणारे दरवर्षी भेटतात. ती छोट्या सेन्सरसाठी आहे, चारही कोपरे काळे येतील. फिल्टरच्या आट्यांवर चढवायचा वाइड कन्व्हर्टर म्हणजे जत्रेतला आरसा. ५० एमएमचं हूड (ऊन अडवणारी पुढची कड) २८ वर लावलं तरी कोपरे जातात. एकावर एक दोन फिल्टरही नकोत.

माझी दुसरी चीड म्हणजे पहिलीच वाइड १७ किंवा २० एमएमची घेणं. "सगळं मावलं पाहिजे ना भाऊ." कशाला मावलं पाहिजे? पारोळ्याच्या एका लग्नात मांडव अरुंद, घरची माणसं चाळीस, म्हणून मी मित्राची २० एमएम लावून ग्रुप काढला. सगळे मावले. अल्बम गेला आणि आठवड्याने नवरीच्या काकू स्वतः स्टुडिओत हजर. ग्रुपमध्ये त्या अगदी कडेला उभ्या होत्या. फोटोवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हाई मी शे का?" चेहरा भोपळ्यासारखा रुंद, खांदा दारातून जाणार नाही एवढा. मधले नवरा-नवरी मात्र व्यवस्थित. मी काय सांगणार? २० एमएमवर अगदी कडेचं डोकं उंचीच्या मानाने साधारण एक तृतीयांश जास्त रुंद येतं. २८ वर ते एक पंचमांशाच्या आसपास राहतं, ३५ वर आठव्या हिश्श्याच्या. लेन्समध्ये दोष नसतो. रुंद कोन सपाट फिल्मवर पसरायचा म्हटल्यावर कडेचा माणूस ताणला जाणारच. काकूंना हे गणित ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचा पासपोर्ट फोटो फुकट काढून दिला.

म्हणून पहिली वाइड २८. फार तर ३५. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याच्या जवळ जायचंय, रावेरला केळीच्या दोन ओळींमध्ये उभं राहून पानांचा बोगदा घ्यायचाय, २८ पुरते. चांगदेवचं देऊळ मावत नाही म्हणून कॅमेरा वर करू नका, देऊळ मागे पडतंय असं दिसेल. चार पावलं मागे जा. चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे. घराबाहेर फारसं न पडता त्यांनी टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंमधून अख्खी दृश्यं उभी केली. सगळं मावलं पाहिजे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

एफ २ ची वाइड हवी म्हणून दुप्पट पैसे घालवू नका. खानदेशातल्या उन्हात ती उघडायची वेळ किती वेळा येणार? २.८ घ्या, ३.५ सुद्धा चालेल.

नावावर जाऊ नका. "विविटारची आहे, चांगलीच असणार." विविटारने लेन्स स्वतः बनवल्याच नाहीत, वेगवेगळ्या जपानी कारखान्यांकडून करून घेतल्या. जुन्या नगांवर सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बघा. २२ असेल तर किनो म्हणजे किरॉनवाले, २८ असेल तर कोमिने, ३७ असेल तर टोकिना. निकॉनच्या २८ एमएम एफ २.८ मध्येही घोळ आहे. मॅन्युअल फोकसच्या स्वस्त सिरीज ई मध्ये पाच काचा आणि जवळचा फोकस ३० सेंटीमीटर. महागड्या एआय-एस मध्ये आठ काचा, फोकस २० सेंटीमीटरपर्यंत. लेन्सवर आकडे दोन्हीकडे तेच, त्यामुळे विकणारा सिरीज ई दाखवून एआय-एसचा भाव सांगतो. तरीही पाती तेलकट असलेल्या एआय-एसपेक्षा पाती कोरडी असलेली सिरीज ई मी डोळे झाकून घेईन.

डिजिटल कॅमेऱ्यावर ॲडॉप्टरने टेस्ट करून "कोपरे मस्त" म्हणू नका. छोटा सेन्सर कोपरे बघतच नाही.

वाइडवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सगळंच बारीक दिसतं, काय स्पष्ट आणि काय नाही ते कळतच नाही. जुन्या लेन्सवर अंतराची पट्टी आहे, ती शोभेला नाही. २८ एमएम, एफ ८, फोकस सव्वातीन मीटरवर ठेवा. साधारण एक मीटर साठपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. मग फक्त बटण दाबायचं. ज्या लेन्सवरची ही पट्टी पुसली गेली आहे ती मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

घेतल्यावर पहिला रोल आखाजीचा नको, लग्नाचा तर मुळीच नको. घरासमोरच्या विटांच्या भिंतीचा करा, कॅमेरा स्टँडवर, भिंतीला समांतर, २.८ पासून १६ पर्यंत एकेक फ्रेम, उन्हाप्रमाणे शटर बदलत, आणि प्रत्येक आकडा वहीत लिहून. २.८ ला कोपरे मऊ, म्हणजे जरा धूसर येतील, ८ ला सुधारले पाहिजेत. एकच कोपरा शेवटपर्यंत मऊ राहिला तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. निगेटिव्हची दाटी सगळ्या फ्रेमवर सारखी आहे ना, तेही बघा. नसेल तर पुन्हा मागचं झाकण उघडा आणि पाती बघत बसा. मी रोल धुवायला कुरिअरने मुंबईला पाठवतो, परत यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर रोज फोन करून "भाऊ, आले का?" विचारू नका, माझाही रोल त्याच पाकिटात असतो.